अक्काशी बोलायचा हात

(शस्त्रक्रियेची खोली. शिंपीकाम करणारे मास्टर कुशीवर पडलेले, पूर्ण जागे. उजवा हात मोकळा. त्यांच्या डोक्यामागे पडदा. पडद्यापलीकडे डॉक्टरबाई, अलीकडे खुर्चीवर त्यांचं बोलणं तपासणारी ताई.)

मास्टर: हे मी केलं नाही हं, ताई. अंगठा आपला आपणच हलला.

ताई: दिसलं मला. डॉक्टर, उजवा अंगठा, आतल्या बाजूला.

डॉक्टर: मी हलवला, मास्टर. तुमचा अंगठा जिथून चालतो, तिथे विजेचं टोक टेकवलं. अगदी मंद वीज. दुखलं का काही?

मास्टर: दुखलं नाही. पण जन्मभर माझा म्हणून वापरला, आणि तुम्ही पडद्यामागून हलवता. विचारायचं तरी.

डॉक्टर: विचारलं असतं तर तुम्ही हलवला की मी, हे कळलं नसतं.

मास्टर: तेही खरंच. आणि डोकं उघडलंय तरी दुखत कसं नाही हो? मघापासून विचारीन म्हणतोय.

ताई: वरची कातडी बधिर केली आहे, काका. आणि आत मेंदूला स्वतःला दुखतच नाही.

मास्टर: म्हणजे सगळ्या अंगाचं दुखणं त्याला कळतं, आणि स्वतःचं नाही?

ताई: नाही.

मास्टर: आमच्या बाबांसारखा दिसतोय.

डॉक्टर: हसवू नका त्यांना, ताई. ते हसले की इथे सगळं हलतं.

ताई: मी कुठे हसवलं, तेच हसवतायत.

मास्टर: बरं, नाही हसत. पण एक सांगा. तुम्ही आहात डोक्याच्या डाव्या बाजूला आणि हात हलला उजवा. असं कसं?

डॉक्टर: तारा आडव्या गेल्यात. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, उजवा डावं.

मास्टर: आम्ही खुणा कापडाच्या उलट्या बाजूला करतो, तसं म्हणा. सुलट बाजूला काही दिसत नाही, पण कपडा उभा असतो तो त्या खुणांवरच.

डॉक्टर: तसंच समजा. मीही आत्ता खूण केली. एक छोटी चिठ्ठी ठेवली. इथे हात आहे, इथे माझी कात्री येणार नाही.

ताई: काका, आता आपण चित्रं बघू. काल सराव केला तसं. प्रत्येक चित्राला 'हे अमुक आहे' असं पुरतं म्हणायचं. डॉक्टर मधूनमधून वीज लावतील. शब्द अडकला तर घाबरायचं नाही. वीज काढली की परत येतो.

मास्टर: दुकानात अडकला होता, तसा अडकेल?

ताई: तसाच. तेव्हा नक्की काय झालं होतं, सांगा बरं. डॉक्टरांची तयारी होईपर्यंत बोलत राहायचंय आपल्याला.

मास्टर: कोटाची ट्रायल होती. वकील आहेत, जुनं गिऱ्हाईक. खांदा बसला, पाठ बसली. बाही किती वर घ्यायची ते सांगायला गेलो तर शब्दच नाही. समोर बाही दिसतेय, माझ्या बोटांत धरलेली आहे, आणि तोंडात नुसतं बा, बा. मग उजवा हात थरथरायला लागला. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तर वकीलसाहेब जमिनीवर बसलेले, माझं डोकं त्यांच्या मांडीवर. अंगात तोच टाचलेला कोट. टाचण्या टोचत असणार त्यांना, पण हलले नाहीत बिचारे.

ताई: आणि मग तपासण्या झाल्या.

मास्टर: मग तपासण्या झाल्या, गाठ सापडली, आणि ह्या बाई भेटल्या.

डॉक्टर: ह्या बाई तयार आहेत. मास्टर, पुढे जायच्या आधी पुन्हा एकदा विचारते. तुम्ही जागे आहात, आणि मला हे तुमच्या तोंडून ऐकायचंय. गाठीची एक कड हाताच्या जागेला लागून आहे, दुसरी बोलण्याच्या. हाताच्या बाजूला मी लांबूनच थांबायचं. बोलण्याच्या बाजूला मात्र जाता येईल तितकं जायचं, बोलणं गेलं तरी चालेल. असंच ठरलंय ना?

मास्टर: असंच. हात राहिला पाहिजे. आवाज गेला तर जाऊ दे.

ताई: काका, बहुतेक माणसं उलटं सांगतात.

मास्टर: सांगत असतील. माझा विचार झालाय. त्यावरून घरात भांडणसुद्धा झालंय.

डॉक्टर: शिंपी माणूस हातच मागणार, त्यात नवल नाही. ताई, चित्र.

ताई: हे काय आहे?

मास्टर: ही छत्री आहे.

ताई: हे?

मास्टर: हा चमचा आहे.

ताई: हे?

मास्टर: ही... ही शिडी आहे. वीज लावलीत का?

डॉक्टर: नाही.

मास्टर: मग ते माझंच. चित्र जरा लांब धरा, ताई. चष्मा काढून घेतलाय तुम्ही माझा.

ताई: हे घ्या, लांब. हे काय आहे?

मास्टर: हा घोडा आहे.

ताई: डॉक्टर, एक मिनिट थांबा. काका, तुमचा उजवा हात काय करतोय?

मास्टर: काय करतोय?

ताई: प्रत्येक चित्राला हलतोय. छत्रीला मूठ वर नेऊन उघडलीत. आत्ता घोड्याला दोन बोटं चादरीवर दुडक्या चालीनं नेलीत.

डॉक्टर: मी काहीही लावलेलं नाही. झटक्याची सुरुवात वाटते का?

मास्टर: झटका नाही हो, डॉक्टरबाई. ती सवय आहे. तोंडाबरोबर हात चालतो माझा. घरी अक्का आहे ना, माझी मोठी बहीण. तिला ऐकू येत नाही. जन्मापासून.

ताई: म्हणजे ही खुणांची भाषा आहे.

मास्टर: लोक तसं म्हणतात. आम्ही तिला बोलणंच म्हणतो.

डॉक्टर: हे तुम्ही मला आधी सांगितलं नाहीत.

मास्टर: तुम्ही विचारलंत, हात की आवाज. मी म्हटलं हात. तो कशाला पाहिजे, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि माझ्याही मनात आलं नाही.

डॉक्टर: मला वाटलं सुईदोऱ्यासाठी.

मास्टर: सुईदोऱ्याचं काय, अक्का माझ्यापेक्षा सुरेख शिवते. दुकान तिच्या एकटीच्या हातावरही चालेल. मला हात पाहिजे तो तिच्याशी बोलायला.

ताई: भांडण तिच्याशीच झालं का?

मास्टर: दुसरं आहे कोण? ती म्हणाली, आवाज वाचव. मला काय, तू नुसता समोर बसलास तरी पुरे. पण गिऱ्हाइकाशी कोण बोलणार, बँकेत कोण बोलणार, डॉक्टर काय म्हणतात ते मला कोण सांगणार. मी म्हटलं, आवाज ठेवून तुझ्याशी काय बोलू? झालं, अबोला. अक्काचा अबोला म्हणजे डोळे मिटून घेते. मग तुम्ही कितीही बोला, भिंतीशी बोलल्यासारखं.

ताई: मिटला कसा मग?

मास्टर: मिटला कुठे. आज सकाळी मला इथे आणत होते तेव्हा खाटेबरोबर चालत दारापर्यंत आली. तेव्हाही 'आवाज' असंच म्हणाली. मी मान डोलावली. आणि आत येऊन तुम्हाला हात सांगितला. तिचं ऐकलं नाही असं फारसं होत नाही माझ्याकडून.

डॉक्टर: मास्टर, आपण जरा वेगळ्या तऱ्हेनं तपासू. ताई, प्रत्येक जागी दोनदा. एकदा तोंडानं नाव, एकदा नुसत्या हातानं.

ताई: मला ती भाषा येत नाही. पण आत्ता वीज नसताना सगळ्या चित्रांच्या खुणा बघून ठेवते. मग चुकलं तर कळेल.

मास्टर: त्यात तपासायचं काय? हाताची जागा सापडली की. चिठ्ठी ठेवलीत ना?

डॉक्टर: ठेवली. तरी बघू दे मला. ताईंना खुणा दाखवा आणि मग बोलत राहा. अक्कांचंच सांगा.

मास्टर: अक्काचं सांगायचं तर दिवस पुरायचा नाही. ही बघा छत्री. हा चमचा. शिडी. घोडा तर तुम्ही पाहिलात. हा कंगवा. बघितलंत? बरं. तर अक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. ती लहान होती तेव्हा घरात तिच्याशी बोलायचं म्हणजे एवढंच: ये, जेव, झोप, नको. आईनं तेवढ्या खुणा बसवल्या होत्या. मग कुणी तरी सांगितलं, लांबच्या गावात अशा मुलांची शाळा आहे, राहायची सोय आहे. बाबा तिला सोडून आले. पहिल्या सुट्टीत ती घरी आली, तर मी तिला ओळखलंच नाही. हात थांबत नव्हते तिचे. दारातून आत येते तोच सुरू. शाळा कशी, मैत्रिणी कोण, खिडकीतून काय दिसतं. आई आपली बघतच राहिली. बाबा म्हणाले, हिला हात खाली ठेवायला सांगा, गिऱ्हाईक बसलंय.

ताई: आणि तुम्ही?

मास्टर: मी शाळेत जायच्याही वयाचा नव्हतो. आमच्या दुकानात कापड बेतायचं मोठं टेबल होतं, खालपर्यंत पडदा सोडलेलं. आत चिंध्यांचा ढीग. ती मला तिथे घेऊन बसली आणि शिकवायला लागली. एकेक चिंधी हातात घेऊन. हा लाल. हा निळा. हे अस्तर. ही काळी, वकिलाची. वर बाबांची कात्री चाललेली असायची. अक्का टेबलाच्या फळीला खालून तळवा लावायची आणि मला सांगायची, आता लोकरी कापड कापतायत, आता सुती. मला कानांनी ते कळत नसे. तिला तळव्यानं कळे.

डॉक्टर: वीज लावतेय. ताई.

ताई: हे काय आहे?

मास्टर: हा कंगवा आहे.

डॉक्टर: आता हातानं.

ताई: बरोबर आहे. कंगवाच.

डॉक्टर: इथे काही नाही. मी खाली सरकते. चालू द्या तुमचं.

ताई: सुट्टी संपल्यावर काय झालं?

मास्टर: रडलो. घरात सगळे बोलणारे होते आणि माझ्याशी बोलायला कुणी उरलं नव्हतं. पुढे शाळा संपवून ती आली ती दुकानातच बसली. काजं, हातशिलाई, अस्तर लावणं. पण बाबा तिच्याशी बोलायचे नाहीत. त्यांना काही हवं असलं की मला हाक मारायचे, मी अक्काला सांगायचो, ती द्यायची. ती बसायची हाताच्या अंतरावर, आणि निरोप माझ्यामार्फत.

ताई: राग होता का तिच्यावर?

मास्टर: छे. लाज वाटायची असेल, येत नाही म्हणून. मोठ्या माणसाला नवीन काही शिकायचं तर आधी चुकावं लागतं ना सगळ्यांसमोर. तर एकदा एका बँडपथकाचे कोट आले शिवायला. सगळ्या वाजवणाऱ्यांचे एकदम, आणि कार्यक्रम तोंडावर. मी नेमका तापानं पडलेला, आतल्या खोलीत. दार उघडं, मला सगळं दिसतंय. बाबांसमोर ढोलवाला उभा, हा एवढा मोठा माणूस. बाबांच्या तोंडात टाचण्या. एका हातानं कोटाचा खांदा धरलेला, तो सोडला की सगळं बिघडणार. हाक मारता येत नाही. आणि त्यांना पाहिजे होता ख... ख...

ताई: डॉक्टर, अडकले.

डॉक्टर: काढली वीज.

मास्टर: खडू. खडू पाहिजे होता त्यांना. ऐन मोक्याला आलात तुम्ही, डॉक्टरबाई.

डॉक्टर: माफ करा. पण जागा सापडली. दुसरी चिठ्ठी ठेवते. मिळाला का त्यांना खडू?

मास्टर: सांगतो ना. बाबांनी मोकळा हात वर केला आणि अक्काकडे खडू मागितला. तिच्या भाषेत. खडूची खूण म्हणजे चिमूट, मग हवेत एक रेघ, आणि शेवटी बोटांवर फुंकर. फुंकर नसली तर ती पेन्सिल होते. तोंडात टाचण्या असून बाबांनी फुंकर मारली. एक टाचणी उडून ढोलवाल्याच्या पायावर पडली.

ताई: म्हणजे त्यांना येत होतं.

मास्टर: सगळं येत होतं. इतकी वर्षं कापड बेतता बेतता बघत होते, आणि कुणाला कळू दिलं नव्हतं. अक्का खडू द्यायचा विसरली. नुसती बघत राहिली त्यांच्याकडे. मग दिला. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलायला लागले, थोडंथोडं. काही माणसांचं अक्षर वाईट असतं ना, तसा त्यांचा हात वाईट होता. पण तिनं कधी, काय म्हणालात, असं परत विचारलं नाही.

डॉक्टर: मास्टर, आता तीच जागा पुन्हा. तोंड बंद ठेवा. चित्र बघून फक्त हातानं सांगा.

मास्टर: हातानं काही अडायचं नाही.

ताई: हे चित्र बघा.

डॉक्टर: वीज आहे.

ताई: घाई नाही, काका. हं, हात हलतोय. पण डॉक्टर, ही छत्री नाही. मूठ वर गेलीच नाही. हे चमच्यासारखं काही तरी आहे. आता तेही नाही. नुसती बोटं जुळतायत आणि सुटतायत.

डॉक्टर: काढली.

मास्टर: छत्री. ही घ्या, छत्री. काय झालं हे? तुम्ही हाताला वीज लावलीत.

डॉक्टर: नाही. हाताची चिठ्ठी वर आहे. मी तिच्या जवळही गेले नाही.

मास्टर: मग हात चुकला कसा? हलत तर होता.

डॉक्टर: चांगला हलत होता. जोर होता, बोटं उघडत होती. काय सांगायचं, तेच त्याला मिळत नव्हतं.

मास्टर: परत लावा बरं. दुसरं चित्र दाखवा, ताई.

ताई: हे बघा.

डॉक्टर: वीज आहे.

ताई: ओळखलंय त्यांनी, डोळ्यांत दिसतंय. पण हात मध्येच थांबलाय. पुन्हा सुरू केलं. नाही, डॉक्टर. येत नाहीये.

डॉक्टर: काढली.

मास्टर: घोडा होता. घोडाच होता, मला दिसत होता. आणि हात असा, परक्या गावात उतरल्यासारखा. बाहीच्या वेळी तोंडाचं झालं होतं ना, अगदी तेच.

डॉक्टर: तेच आहे ते. ऐका, मास्टर. हाताची चिठ्ठी ठेवली ती मेंदूची वरची पट्टी नुसती हलवते. अंगठा, बोटं, मनगट. कशासाठी हलायचं, ते तिला ठाऊक नसतं. शब्द जुळतो तो खाली, या चिठ्ठीपाशी. तो पुढे तोंडावाटे बाहेर पडला काय आणि हातावाटे पडला काय, या जागेला दोन्ही सारखंच. तुमचं गिऱ्हाइकांशी बोलणं आणि अक्कांशी बोलणं, दोन्हींचा मुक्काम एकाच ठिकाणी आहे.

मास्टर: म्हणजे मी म्हटल्याप्रमाणे तुम्ही आवाज जाऊ दिला असता तर?

डॉक्टर: हात राहिला असता. शिवता आलं असतं. अक्कांशी बोलता आलं नसतं.

मास्टर: आणि मी तुम्हाला मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, त्या बाजूला जाल तितकं जा.

डॉक्टर: तुम्हाला कसं ठाऊक असणार? मीही हातांनी बोलणारा माणूस पहिल्यांदाच तपासतेय.

ताई: काका, पाणी हवंय का? ओठांना लावू थोडं?

मास्टर: लावा. आता काय करायचं म्हणता, डॉक्टरबाई?

डॉक्टर: बरीचशी गाठ निघेल. पण या चिठ्ठीखाली तिचा एक तुकडा शिरलाय. तो काढला तर बोलणं जाईल, दोन्ही तऱ्हेचं. पुढे थोडं परत येईलही, पण मी शब्द देत नाही. तुकडा ठेवला तर तो हळूहळू वाढणार. औषधं आहेत, किरण देता येतात, अडवून धरू. पण तो असणार.

मास्टर: आयुष्य किती कमी होईल?

डॉक्टर: आकडा सांगितला तर ती थाप होईल. काढला तर जास्त, ठेवला तर कमी. एवढंच मला खात्रीनं ठाऊक आहे.

ताई: लगेच सांगायला पाहिजे असं नाही, काका. बाकीची गाठ काढण्यात वेळ जाणारच आहे.

मास्टर: नाही, बोलू दे मला. बोललो की सुचतं. जास्त जगायचं होतं ते अक्कासाठीच. मी आधी गेलो तर ती कुणाशी बोलेल, हा घोर होता. माझी बायको होती तोवर घरात तिसरं माणूस होतं. अक्कानं तिला आधी शिव्या शिकवल्या, बाकीचं मागून. दोघी गिऱ्हाइकासमोर मला शिव्या द्यायच्या, आणि मी आपला छाती मोजत, हो साहेब, हो साहेब.

ताई: आता दोघंच?

मास्टर: दोघंच. तिच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी येतात अधूनमधून. त्या आल्या की घरात काय गलका असतो म्हणून सांगू, आणि आवाज म्हणाल तर फक्त कपबश्यांचा. अगदीच एकटी पडायची नाही ती. ते मी विसरतो. आपण नसलो तर जगाचं कसं होईल, असं वाटतं माणसाला.

डॉक्टर: हं.

मास्टर: समजा तुम्ही तुकडा काढलात. मी जास्त जगलो. सकाळी दुकान उघडलं, ती समोर बसली. तिनं विचारलं, काल वकील काय म्हणाले? आणि माझी बोटं नुसती जुळतायत आणि सुटतायत. तिला काय कळेल?

डॉक्टर: तुमचा चेहरा कळेल. भूक, थकवा, राग. तेवढं कळेल.

मास्टर: तेवढं आईचंही कळायचं तिला. ये, जेव, झोप, नको. त्यातून सुटायला ती एवढीशी पोर आई-बापांना सोडून लांब गेली होती. तिला परत त्या घरात नाही न्यायचं मला. ठेवा तो तुकडा.

डॉक्टर: पक्कं?

मास्टर: पक्कं. आम्हीही शिवणीला चिकटून कापत नाही. कपडा सुबक दिसतो, पण उसवला तर हातात काही उरत नाही.

डॉक्टर: ठीक आहे. दोन्ही चिठ्ठ्यांपासून लांब थांबते. आता काढायला सुरुवात करतेय. तुम्ही बोलत राहा, तोंडानं आणि हातानंही. कुठे अडखळलात तर ताई मला सांगतील.

मास्टर: दोन्ही एकदम? मग गिऱ्हाइकासमोर बसल्यासारखंच झालं.

ताई: काय बोलता हो तुम्ही गिऱ्हाइकासमोर?

मास्टर: सांगू नये. अक्का म्हणते, बघ, पोट आत ओढून उभा आहे, कंबर सैल ठेव. मी तोंडानं म्हणतो, साहेब, मोकळे उभे राहा. सगळ्यांना नावं आहेत तिची. वकिलांचं नाव मिशी. तुमचंही ठेवलंय, डॉक्टरबाई.

डॉक्टर: एकदा दारातून तर पाहिलंय त्यांनी मला.

मास्टर: पुरे होतं तिला. तुमचं नाव भुवई. बोलताना एकच वर जाते तुमची.

ताई: आत्ताही गेली.

डॉक्टर: नाव ठेवलंय, नावं नाही ठेवली, हे नशीब. पुढे बोला.

मास्टर: पुढे काय, बसचं सांगतो. सुट्टी संपली की तिला पोचवायला सगळे बसपर्यंत जायचो. ती खिडकीशी बसायची. बसचं इंजिन सुरू झालं, काचा लागल्या, की बाकीच्यांचं बोलणं संपलं. आत आणि बाहेर सगळे ओरडतायत, काय, काय म्हणालास, पोचल्यावर कळव. कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. आणि आम्ही दोघं निवांत बोलतोय, काचेच्या आरपार. बस हलली तरी बोलतोय. मी बाजूनं चालत राहायचो. बस वळणावर गेली की ती मागच्या काचेशी यायची. तिथून म्हणायची, चिंध्या फेकू देऊ नकोस. हात दिसेनासे होईपर्यंत बोल... बोलणं...

ताई: डॉक्टर, हात मंदावला.

डॉक्टर: थांबले.

ताई: काका, मूठ उघडा. अजून. अंगठा करंगळीला लावा.

मास्टर: लागतोय. पण जड झालाय, ओल्या कापडासारखा.

डॉक्टर: तो येईल भानावर, मी पट्टीच्या जवळ आले होते. इथून पुढे नाही. ताई, एक चित्र.

ताई: हे काय आहे?

मास्टर: ही शिडी आहे. आणि ही हातानं. आली ना?

ताई: आली. दोन्हीकडून आली.

डॉक्टर: मग झालं, मास्टर. काढायचं तेवढं काढलं, ठेवायचं ते ठेवलं. आता बंद करायला घेते. थोड्या वेळानं झोप येईल तुम्हाला.

मास्टर: भांडणाचा निकालही लागला म्हणायचा. ती म्हणत होती आवाज, मी म्हणत होतो हात, आणि तुमच्या चिठ्ठीखाली दोन्ही एकच.

ताई: म्हणजे कुणीच हरलं नाही.

मास्टर: ती म्हणेल तीच जिंकली. बाहेर बसली असेल ना?

ताई: बसल्यात. मघाशी आत येताना पाहिलं, पिशवी मांडीवर घेऊन दाराकडे बघत होत्या. मीच जाते सांगायला. मला शिकवा, 'झालं, तो बरा आहे' कसं म्हणायचं.

मास्टर: तळव्यावरून तळवा पुढे न्या. हं, धूळ झटकल्यासारखा. हे 'झालं'. मग हात छातीवर ठेवून खाली आणा, श्वास सोडल्यासारखा. हे 'बरा आहे'.

ताई: असं?

मास्टर: हे 'जेवला' झालं. हात आणखी खाली आणा.

ताई: असं.

मास्टर: आता जमलं.

ताई: आणि तुकडा ठेवलाय, ते?

मास्टर: ते तुम्ही नका सांगू. उठल्यावर मी सांगेन. ते माझ्या हातानं सांगायचंय.

डॉक्टर: ताई, जा आता. फार वेळ बसल्यात त्या.

ताई: जाते.

मास्टर: ताई, एक लक्षात ठेवा. खुणा लहान करा. हात मोठे केले की तिला वाटतं, आपण ओरडतोय.